गोव्याहून कोल्हापूरला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पणजी, म्हापसा, डिचोली, फोंडा, मडगाव, कुठूनही असो, आपल्याकडची माणसं कोल्हापूरला जातात ती बहुतेक अंबाबाईचं दर्शन घेऊन, चप्पल घेऊन, मटण जेवून त्याच दिवशी परत फिरायला किंवा पुढं पंढरपूर-शिर्डीला जायला. त्यामुळं रंकाळा गाडीतूनच बघितला जातो, पन्हाळा राहूनच जातो आणि खिद्रापूरचं तर नावही कानावर पडत नाही. खाली सगळी उत्तरं एकच गोष्ट डोक्यात ठेवून लिहिलीयत, की निदान दोन रात्री राहा.

गोव्याहून कुठला रस्ता धरायचा?

तुम्ही कुठं राहता त्यावर आहे. पेडणे, म्हापसा, पणजीवाल्यांना पत्रादेवी, बांदा, सावंतवाडी, आंबोली, आजरा, उत्तूर आणि मग निपाणीला हायवे हा रस्ता सरळ पडतो. डिचोली, साखळी, वाळपईवाल्यांना चोर्ला घाटातून बेळगाव आणि तिथून निपाणी, कागल करत कोल्हापूर. दोन्हीकडून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास धरा आणि पाच तास हाताशी ठेवा, मध्ये चहा-नाष्टा धरून सहा. चोर्ल्याचा रस्ता दर पावसाळ्यानंतर खराब होतो, तेव्हा निघायच्या आधी त्या बाजूच्या कुणाला तरी फोन करून विचाराच. आंबोलीत पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी धबधब्यापाशी गाड्यांची एवढी रांग लागते की तासभर हलायला मिळत नाही, त्यामुळं त्या दिवसांत पहाटे पाचला निघून आठच्या आत घाट चढून जायचं.

दोडामार्गवरून तिलारी घाट चढून चंदगडला जाणारा पण रस्ता आहे, अंतर कमी आहे, पण चढ एकदम खडा आणि वळणं अशी की नवीन ड्रायव्हरने नाद करू नये. अजून एक, फोंडाघाट म्हणजे आपलं फोंडा नव्हे, तो सिंधुदुर्गातला फोंडा, कणकवलीच्या वरचा. मॅपवर नुसतं फोंडा टाकलं तर भलतीकडं नेईल.

रेल्वे आहे का?

कोकण रेल्वे कोल्हापूरला जात नाही. वास्को-मडगावहून लोंढा, बेळगाव करत मिरजेला जाणारी गाडी पकडायची, गोवा एक्सप्रेस त्याच मार्गानं जाते, आणि मिरजेहून कोल्हापूर पन्नासेक किलोमीटर, लोकल गाडी किंवा एसटी. कुळें ते कॅसलरॉक हा ब्रागांझा घाटाचा टप्पा दिवसाउजेडी मिळाला तर दूधसागर डब्यातूनच दिसतो, म्हणून वेळ असलेल्यांनी एकदा तरी असं जावं. मिरजेत दोन तास मिळाले तर सतारमेकर गल्लीत जा, सतारीचे भोपळे टांगलेले दिसतील, आणि कोणी हातात तार घेऊन बसलेला असेल तर शांतपणे उभं राहून बघा.

बस पण आहेत, एसटी आणि गोव्याची कदंब दोन्ही. पुण्याच्या रात्रीच्या स्लीपर बसनं जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा की त्या गावात शिरत नाहीत, हायवेवर तावडे हॉटेलच्या चौकात अपरात्री उतरवतात. बायकामुलं बरोबर असली तर मी तरी हे करायला सांगणार नाही.

कधी जावं?

ऑक्टोबर संपता संपता ते फेब्रुवारी. हवा कोरडी, सकाळी गारठा, ऊसतोड चालू असते त्यामुळं रस्त्याच्या कडेला गुऱ्हाळं धूर काढत असतात. नवरात्रात गाव बघण्यासारखं असतं पण दर्शनाला तासन्‌तास लागतात. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या सुट्टीत जाऊ म्हणणारे बरेच असतात, तेव्हा पाऊस धरून चालायचं.

आता पावसाळ्याचं नीट सांगतो कारण हे गंमतीचं नाही. पंचगंगा नदी गावाला लागून वाहते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याची पातळी सगळं कोल्हापूर रोज बघत असतं. 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका. 2019 आणि 2021 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, पुणे-बंगळूर हायवे शिरोलीपाशी बंद पडला, माणसं अडकली, घरं दिवसेंदिवस पाण्यात राहिली. त्यामुळं त्या दोन महिन्यात जायचं ठरवलंच असेल तर निघायच्या आदल्या दिवशी पातळीची बातमी बघा आणि चाळीसच्या पुढं असेल तर सरळ पुढं ढकला, तिथल्या लोकांना तेव्हा पाहुण्यांचं करायची सवड नसते.

रंकाळ्यात बघण्यासारखं काय आहे, तळं तर तळंच ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा बसून उत्तर देतो.

रंकाळा आधी दगडाची खाण होती असं सांगतात, त्याच दगडातून गावातली देवळं उठली, मग भूकंपात जमीन खचली आणि खाणीत पाणी भरलं. काठावर रंकभैरवाचं देऊळ होतं त्यावरून नाव पडलं. तिथल्या नंदीची गोष्ट अजून म्हातारी माणसं सांगतात, की तो वर्षाला गव्हाच्या दाण्याएवढा तळ्याकडं सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागं येतो, आणि ज्या दिवशी पाण्याला टेकेल त्या दिवशी जगबुडी. मुलांना गाडीतच सांगून ठेवा, मग नंदी शोधायला ती स्वतःच पळतात.

तळ्याला पूर्ण फेरी मारायची तर चारेक किलोमीटर चाल आहे. एका बाजूला चौपाटी, भेळ, पॉपकॉर्न, घोडे, फुगे, सगळा कलकलाट. पलीकडं शालिनी पॅलेस, 1931 ते 34 मध्ये बांधलेला, काळा दगड, कमानी, समोर माडांची रांग (माड बघून आपल्या माणसाला बरं वाटतंच). तो बाहेरूनच बघायचा. आणि पाण्यात संध्यामठ. हा म्हणजे दगडी खांबांचा एक मंडप, तळं भरलं की पाण्याखाली जातो, पावसाळ्यानंतर नुसता माथा दिसतो आणि उन्हाळ्याकडं पाणी उतरेल तसे खांब वर येत जातात, त्यामुळं प्रत्येक महिन्यात तो वेगळा दिसतो. संध्याकाळी साडेपाचला चौपाटी सोडून संध्यामठाच्या बाजूच्या काठावर जाऊन बसा. सूर्य पलीकडं खाली जातो, बगळे-पाणकावळे मठाच्या दगडावर येऊन बसतात, कोल्हापूरची म्हातारी माणसं पायरीवर बसून राजकारण बोलत असतात. ह्या एका तासासाठी एक रात्र जास्त राहायला सांगतोय.

दुसरं असं, की कोल्हापूर एके काळी तळ्यांचंच गाव होतं. कपिलतीर्थ म्हणजे आज भाजी मंडई, वरुणतीर्थ म्हणजे आज गांधी मैदान, दोन्ही बुजवलेली तळी. गांधी मैदानात अजून जोराचा पाऊस झाला की पाणी साचतं, पाणी आपली जागा विसरत नाही. उरलेल्यात कळंबा आहे, त्याच्यावरून गावाला पाणी यायचं, कोटीतीर्थ आहे, राजाराम तलाव आहे. रंकाळा वाचला तो लोकांनी भांडून भांडून वाचवला, सांडपाण्याचे नाले, जलपर्णी, हिरवा तवंग, सगळं त्यानं सोसलंय. म्हणून कळकळीनं सांगतो, निर्माल्याची पिशवी, भेळेचा कागद, चहाचा कप काही काही पाण्यात टाकू नका, आपण आपल्या मयेच्या तळ्यात कोणी टाकलेलं बघून चिडतो ना, तसंच ते.

अंबाबाईचं दर्शन लवकर कसं होईल?

मंगळवार, शुक्रवार, रविवार, पौर्णिमा, सुट्टी सोडून जा आणि पहाटे जा. काकडआरतीच्या सुमाराला देवळात असलात तर गर्दी कमी, दगड गार, आणि घंटेचा आवाज नीट ऐकू येतो. गाभाऱ्याची रांग मोठी असली आणि बरोबर वयस्कर माणूस असला तर मुखदर्शनाची वेगळी रांग असते, तीतून लांबून दर्शन होतं. शॉर्ट्स, बिनबाह्यांचे कपडे नकोत, आपल्याकडच्या देवळांतही आता तसे बोर्ड लागलेत त्यामुळं नवीन काही नाही. गाडी देवळापर्यंत न्यायचा प्रयत्न करू नका, बिंदू चौकाच्या पार्किंगला लावा आणि चालत जा, पाच-सात मिनिटं लागतात.

दर्शन झालं की लगेच चपला शोधू नका. बाहेरून एक प्रदक्षिणा अगदी हळू घाला आणि भिंती बघा. वादक, नर्तकी, योगिनी, दगडावर दगड नुसता बसवलेला. देवीची मूर्ती काळ्या पाषाणाची, तीन फुटांच्या आसपास, चार हातात म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र, पाठीशी सिंह, पण दागिने-साडीत यातलं बरंच झाकलेलं असतं, त्यामुळं आधी माहीत असलं तर बरं. मधल्या धामधुमीच्या काळात मूर्ती लपवून ठेवलेली होती आणि 1715 साली पुन्हा बसवली. आपण अंत्रुज महालातली, म्हणजे फोंड्याकडची माणसं हे लगेच समजतो, आपले मंगेश, शांतादुर्गा, म्हाळसा सगळे असेच रातोरात नदी ओलांडून आलेले.

किरणोत्सव कधी असतो?

देऊळ पश्चिमेकडं तोंड करून आहे. वर्षातून दोनदा, 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी आणि 9 ते 11 नोव्हेंबर, मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात, पहिल्या दिवशी पायावर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी पूर्ण मूर्तीवर. वाटेत इमारती, ढग, धूर आले की किरणं अर्ध्यावरच थांबतात, आणि असं बरेचदा होतं, तेव्हा मिळालंच पाहिजे अशा हट्टानं जाऊ नका. मिळालं तर मात्र अख्ख्या देवळात एक क्षण कोणी बोलत नाही.

गावात अजून काय बघायचं?

भवानी मंडप देवळाच्या मागंच आहे. तिथून खासबाग मैदान दोन पावलांवर. शाहू महाराज 1902 ला विलायतेला गेले होते तेव्हा रोमचं कोलोसियम बघून आले आणि त्यावरून हे कुस्तीचं मैदान बांधून घेतलं, 1912 ला पुरं झालं, मधल्या आखाड्यात कुठूनही बघा, पुढच्याचं डोकं आड येत नाही असा उतार काढलाय. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह, म्हणजे जुनं पॅलेस थिएटर, 1915 चं, ते 8 ऑगस्ट 2024 ला आगीत जळालं. गोव्यातल्या नाटकवेड्या माणसाला तिथं उभं राहून गलबलून येतं. आपल्या गावागावात देवळासमोर दशावतार आणि नाटकं होतात, त्यामुळं एक रंगमंच जाणं म्हणजे काय ते आपल्याला सांगावं लागत नाही.

न्यू पॅलेस 1877 ते 1884 मध्ये बांधलेला, मेजर मँट नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं, खाली म्युझियम आहे. शिकारीचे प्राणी फार आहेत, लहान मुलं कधी घाबरतात. मला विचाराल तर टाउन हॉलचं छोटं म्युझियम जास्त आवडेल. ब्रह्मपुरीच्या टेकाडाच्या उत्खननात 1945 च्या सुमाराला ब्राँझची रोमन मूर्ती मिळाली, समुद्रदेव पोसायडनची, हातभर पण नाही एवढी. म्हणजे कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल घाट चढून तेव्हाही इथंच येत होता, आज आपण आंबोली चढून येतो तसाच.

आणि शाहू महाराजांबद्दल थोडं वाचून जा. 1894 ला गादीवर आले, 1902 ला नोकऱ्यांत मागासलेल्यांना निम्म्या जागा राखल्या, राधानगरीचं धरण सुरू केलं, गिरणी काढली, आणि 1922 ला गेले तेव्हा पन्नाशी पण झाली नव्हती. कोल्हापुरात कुणाशीही बोलायला लागा, दहा मिनिटांत महाराजांचं नाव येतं आणि घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं येतं.

गोव्याचं आणि कोल्हापूरचं काही नातं आहे का?

आहे, आणि गाण्याचं आहे. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारचे गवई, जयपूर घराणं त्यांच्यामुळं इथं वाढलं. आपल्या केरीच्या केसरबाई लहान असताना कोल्हापूरला शिकायला आलेल्या, पुढं खाँसाहेबांकडं वर्षानुवर्षं घासल्या, आणि कुर्डीच्या मोगूबाई पण त्यांच्याच शिष्या. देवल क्लबात, म्हणजे तिथल्या गाण्याच्या संस्थेत, कार्यक्रम असला तर चुकवू नका, श्रोते जाणकार आहेत, दाद देतात ती जागेवर देतात.

दुसरं नातं फुटबॉलचं, हे बऱ्याच गोंयकारांना ठाऊकच नसतं. कोल्हापूर कुस्तीइतकंच फुटबॉलवेडं गाव आहे. पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, पेठेपेठेच्या तालमींच्या टीम आहेत आणि शाहू स्टेडियमवर त्यांची मॅच असली की दुकानं लवकर बंद होतात. 2017 च्या अंडर सेव्हन्टीन वर्ल्ड कपच्या भारताच्या टीममधला अनिकेत जाधव इथलाच. हिवाळ्यात किंवा उन्हाळ्याच्या तोंडावर गेलात तर मॅच आहे का ते रिक्षावाल्याला विचारा आणि स्टँडात जाऊन बसा, फातोर्ड्याची आठवण येईल.

पन्हाळा आणि जोतिबा एका दिवसात होतात का?

होतात, दोन्ही वीसेक किलोमीटरच्या आत आणि एकाच बाजूला. पण सकाळी जोतिबा आणि मग अख्खा दिवस पन्हाळा असं करा, उलटं केलं की पन्हाळ्याला घाई होते.

जोतिबाला सगळं गुलाबी, पायऱ्या, भिंती, माणसं, सगळ्यावर गुलाल, पांढरे कपडे घालू नका. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या उंच काठ्या येतात, लाखांनी माणूस असतो, त्या दिवसात गाडी घेऊन जायचं धाडस करू नका.

पन्हाळा मात्र नीट बघायला हवा. 2025 च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले त्यात हा आहे. शिलाहार राजा भोजाच्या वेळेपासूनचा गड, मग आदिलशाही, 1659 ला अफजलखान प्रकरणानंतर लगेच शिवाजी महाराजांनी घेतला, आणि 1660 ला सिद्दी जौहरनं चार महिने वेढा घातला. आषाढातल्या पौर्णिमेच्या रात्री, भर पावसात महाराज राजदिंडीच्या वाटेनं उतरले, इकडं शिवा काशीद महाराजांचं सोंग घेऊन पालखीत बसून शत्रूच्या हाती गेले, आणि तिकडं घोडखिंडीत बाजीप्रभूंनी वाट अडवून धरली. बहुतेक टुरिस्ट तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी, फोटो, झालं म्हणून परत निघतात. राजदिंडीला कोणी जात नाही. तुम्ही जा. छोटासा दरवाजा, पुढं झाडीत उतरणारी पायवाट, दगड ओले आणि शेवाळलेले, खाली दरी. पावसाळ्यात पाच मिनिटं तिथं उभं राहिलं की त्या रात्री पाय ठेवायला काय असेल ते आपोआप कळतं. जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालत जाणारे शेकडो लोक असतात, पन्नासेक किलोमीटरची वाट, दोन दिवस, चिखल आणि जळवा. तब्येत चांगली असणाऱ्यांनी एखाद्या जाणत्या ग्रुपबरोबर करावी.

अंबरखान्याच्या कोठारांत आत शिरून बघा, भिंती किती जाड आहेत ते. अंधार बाव ही विहीर तीन मजली आहे, तळाला पाणी, मधल्या मजल्यावरून तटाबाहेर जायची चोरवाट. दुपारी भूक लागली की हॉटेल शोधू नका, बायका चुलीवर भाकरी थापत बसलेल्या असतात, झुणका, खर्डा, वांगं, गाडग्यातलं दही.

खिद्रापूर लांब आहे, जाऊ की नको?

जा. नक्की जा. साठेक किलोमीटर आहे, वाटेत नृसिंहवाडी लागते, दोन्ही मिळून एक दिवस.

नृसिंहवाडी म्हणजे कृष्णा-पंचगंगेचा संगम, दत्ताच्या पादुका, घाटाच्या पायऱ्या थेट पाण्यात. पावसाळ्यात नदी चढली की पाणी देवळात एका दारानं शिरून पादुकांवरून दक्षिण दारानं बाहेर पडतं, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि लोक त्या पाण्यात स्नानाला येतात. पेढे घ्या, कवठाची बर्फी घ्या, ती आपल्याकडं मिळत नाही.

खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर शिलाहारांचं, बाराव्या शतकातलं. आपलं तांबडी सुर्ल्याचं देऊळ साधारण त्याच काळातलं, त्यामुळं ते बघितलेलं असेल तर काळा दगड, गोल घासलेले खांब लगेच ओळखीचे वाटतात, फक्त इथं सगळं कितीतरी मोठं आणि दाट. समोर स्वर्गमंडप आहे, गोल, वर छतच नाही, 13 फुटांचं उघडं वर्तुळ आणि त्यातून आभाळ. बरोबर खाली तसाच एक गोल अखंड दगड. त्या दगडावर उभं राहून वर बघा, मग खांबांच्या गर्दीकडं बघा. दुपारी बाराच्या सुमाराला उन्हाची चकती खाली पडते आणि हळूहळू सरकते. बाहेर पायाशी हत्तींची रांग आहे, पाठीवर देऊळ पेलून उभे असल्यासारखे, बऱ्याच हत्तींच्या सोंडा तोडलेल्या. शंकराच्या समोर नंदी नाही, तो कृष्णेपलीकडं कर्नाटकात यडूरला आहे असं सांगतात. तिथं गर्दी नसते, गाईडही नसतो कधी, पुजाऱ्यालाच विचारायचं.

खायचं काय आणि मासे मिळतील का?

मासे मागू नका. मिळतात, पण समुद्रावरून आलेल्या माणसानं घाटावर जाऊन मासे का खायचे. दोन दिवस शीत-कडी विसरा.

मटण थाळी घ्या. आधी पांढरा रस्सा वाटीनं प्यायचा, मटणाचं पाणी, नारळाचं दूध, खसखस, काजू, तो मऊ असतो. मग तांबडा, कांदा-लसूण मसाल्याचा, तो भाकरीशी. सुकं मटण शेवटपर्यंत पुरवून खायचं. रस्सा वाढतच राहतात, नको म्हणायला शिका. आपल्या जिभेला कोकमाची, चिंचेची आंबट सवय आहे आणि इथं ती आंबट बाजूच नाही, त्यामुळं पहिल्या घासाला नुसतं तिखट लागतं, लिंबू पिळलं की जमतं.

मिसळ सकाळीच खा, अकरानंतर कट संपत आलेला असतो. बरोबर पाव नाही, स्लाइस ब्रेड येतो. शाकाहारी असाल तर अख्खा मसूर आणि भाकरी. आणि संध्याकाळी दूध कट्ट्यावर जा, म्हशी तिथंच बांधलेल्या, समोर धार काढून फेसाळ ग्लास हातात देतात. ज्यांना कच्चं दूध सोसत नाही त्यांनी एक घोटच घ्यावा. तालमीतली पोरं तांब्याच्या तांब्यानं पितात.

चप्पल खरी कशी ओळखायची?

भवानी मंडपाजवळ चप्पल ओळीत दुकानाला दुकान लागून आहे. खरी चप्पल पूर्ण चामड्याची, तळ सुद्धा, झाडांच्या साली-हिरड्यानं कमावलेलं चामडं, शिवण चामड्याच्या वादीची, खिळा नाही. तळाला रबर असलं तर ते वेगळं, वापरायला वाईट नाही पण भाव त्याप्रमाणं द्या. 2019 ला जीआय, म्हणजे मूळ ठिकाणाच्या नावाची सरकारी नोंद मिळाली, ती महाराष्ट्र-कर्नाटक दोन्हीकडच्या मिळून आठ जिल्ह्यांना. घासाघीस जरूर करा पण कारागिराच्या हातात काय उरतं ते पण मनात असू द्या, एक जोड हातानं करायला दिवसाच्या वर वेळ जातो.

गोव्यात आणल्यावर जून ते सप्टेंबर वापरू नका, आपल्या दमट हवेत आठ दिवसात बुरशी धरते. तेलाचं बोट फिरवून, वर्तमानपत्रात गुंडाळून उंच ठेवा.

गूळ पण घ्या, चवथीच्या पातोळ्यांना आणि नेवऱ्यांना उपयोगी येतो. पिवळाधमक नको, काळपट-तांबूस बघून घ्या.

गोव्यातून बाटली नेली तर चालते का?

नाही. गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात नेणं गुन्हा आहे, बांदा-आंबोलीच्या बाजूला एक्साइजची तपासणी असते, गाडी सुद्धा अडकते. भाच्याला भेट, मित्राला भेट, काहीही नको.

राहायचं कुठं? भाषेचं काही अडतं का?

देवळाजवळ हवं तर महाद्वार रोड-ताराबाई रोडच्या बाजूला लॉज आणि यात्री निवास आहेत, पण गाडी लावायचे हाल. गाडी असेल तर शाहूपुरी, ताराबाई पार्क बरं. रंकाळ्याच्या काठाजवळ खोली मिळाली तर मात्र बाकी काही बघू नका, सकाळी सहाला फेरी मारता येते.

भाषेचं काय अडणार. आपली मराठी ऐकून कोकणातले काय म्हणून विचारतात आणि गोवा म्हटलं की आवाज वाढवून बोलायला लागतात. अनोळखी माणूस पण भावा, ताई, मावशी करूनच बोलतो, तोंडानं रांगडा, पण रस्ता विचारलात तर सोबत चालत येऊन दाखवेल.

मुलं बरोबर आहेत, त्यांच्यासाठी काय?

कणेरी मठाचं सिद्धगिरी म्युझियम, बारा-तेरा किलोमीटर, हायवेच्या बाजूलाच. जुन्या गावातली माणसं, बलुतेदार, बैल, शेत, सगळं खऱ्या मापाचं सिमेंटमध्ये. अर्धा दिवस जातो. उन्हात फिरायचं असतं, टोप्या घ्या.

परत येताना वेगळा रस्ता?

राधानगरी, दाजीपूर, फोंडाघाट, कणकवली आणि मग हायवेनं बांदा. तास-दीड तास जास्त लागतो पण घाईत नसाल तर हाच घ्या. राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी हाती घेतलेलं, पुरं व्हायला त्यांच्यानंतर कितीतरी वर्षं गेली, त्याचे सात दरवाजे पाणी ठराविक उंचीला आलं की आपोआप उघडतात, माणूस लागत नाही. पुढं दाजीपूरचं जंगल, 1958 पासून अभयारण्य, गव्यांसाठी राखलेलं, आपला राज्यप्राणी पण गवाच. पावसाळ्यात आतली सफारी बंद असते. उघडी असली तरी गवा दिसेलच असं नाही, मात्र रस्त्यावरून जाताना संध्याकाळी पाचनंतर गाडी अगदी हळू चालवा, कळप रस्ता ओलांडतात आणि ते हॉर्नला हलत नाहीत, हेडलाइट डीम करून थांबायचं, सगळे जाईपर्यंत. फोंडाघाटात अंधार व्हायच्या आत उतरा, खाली कणकवलीला चहा मिळेल.